तिसऱ्या राजाचा मुकुट

वजनमापं तपासणाऱ्या खात्यात सत्तावीस वर्षं इमानेइतबारे कारकुनी केल्यावर, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, बस डेपोतल्या सापडलेल्या वस्तूंच्या खिडकीसमोर उभं राहून "माझा राजा हरवलाय" असं सांगायची पाळी माझ्यावर आली. मागे रांगेत छत्री हरवलेले दोघे जण होते. ते हसले. ज्यांना स्वतःची छत्री सांभाळता येत नाही त्यांनी दुसऱ्याला हसावं याचं मला वाईट वाटलं. पण माझी चूक काय झाली ते नीट कळायला राजांपासूनच सुरुवात करावी लागेल.

आमच्या लहानपणी नाताळ आला की घरात गोठा मांडला जायचा. गोठा म्हणजे येशूजन्माचा देखावा. पुठ्ठ्याचं छप्पर, खरं गवत, बाळ, मरिया, योसेफ, एक शिंग गेलेली गाय आणि बाळाला भेटायला दूर देशांहून आलेले, चार बोटं उंचीचे तीन राजे. लोकांच्या घरी हे राजे पहिल्या दिवसापासून बाळापाशी उभे असायचे. बाबांना ते पटत नसे. बाबा छापखान्यात जुळारी होते. अक्षरांचे खिळे जुळवून जुळवून प्रत्येक वस्तू आपापल्या घरात आणि आपापल्या वेळेलाच असली पाहिजे असं त्यांचं मत झालं होतं. "एवढ्या लांबून येणारी माणसं," ते म्हणायचे, "आधीच कशी हजर असतील?"

म्हणून आमचे राजे चालत यायचे. एक डिसेंबरला ते मागच्या खोलीच्या खिडकीत उभे राहायचे आणि रोज संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर एक वीत पुढे सरकायचे. सहा जानेवारीला, म्हणजे राजांच्या सणाला, गोठ्यात पोचायचे. सदतीस दिवस. वाटेत शिवणयंत्र, कपाट आणि एक उंबरा लागायचा. पाहुणा आला की आई दारातच सांगायची, "जपून पाय टाका, राजे वाटेत आहेत." एकदा मामा नेमका वाटेवरच अंथरूण घालून आडवा झाला, तेव्हा राजे त्याच्या उशाशी एक दिवस थांबले आणि ती बुडालेली वीत बाबांनी दुसऱ्या दिवशी भरून काढली. राजे सरकवण्याची एक दिवस ताईची पाळी, एक दिवस माझी. त्या पाळीसाठी आम्ही दोघं जितके भांडलो तितके पुढे कशासाठीच भांडलो नाही.

मी नऊ वर्षांचा असताना तिसऱ्या राजाचा मुकुट तुटला. तो कोणी तोडला हा विषय त्याच दिवशी मिटला होता आणि मिटलेले विषय उकरून काढायची मला सवय नाही. थोडक्यात सांगायचं तर आळ ताईवर आला, कारण ज्या कपाटात राजे असायचे ते तिनं आदल्या आठवड्यात आवरलं होतं. ती बारा वर्षांची होती. "मी नाही," असं ती एकदाच म्हणाली आणि गप्प झाली. त्या वर्षी बाबांनी तिची पाळी काढून घेतली. सदतीसही दिवस तिनं हात मागे बांधून नुसतं बघायचं, असं ठरलं. सदतीसही पाळ्या मला मिळाल्या. त्यांचा मला फारसा आनंद झाला नाही, एवढंच सांगून पुढे जातो.

नंतर बाबांनी मुकुटाच्या तुटलेल्या टोकाच्या जागी छापखान्यातला शिशाचा एक बारीक खिळा कापून बसवला. तेव्हापासून दर वर्षी राजा माझ्या हातात देताना ते म्हणायचे, "मुकुट बघून ठेव." मी म्हणायचो, "हो बाबा, सांभाळतो." आणि राजाला पायांशी धरून, समोरच्या भिंतीकडे बघत सरकवायचो.

दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. आई त्यांच्या आधीच गेली होती. घर रिकामं करायच्या दिवशी नातेवाईक जमले होते. ताई म्हणाली, गोठा आणि राजे ती नेईल. मी म्हणालो, "गोठा ने. राजे माझ्याकडे राहू देत. तुझ्या हातून वस्तू टिकत नाहीत." सगळे हसले, मीही हसलो. ताई दातांच्या कवळ्या बनवते. तिच्या हातच्या कवळ्या तोंडात घालून अर्धी वस्ती जेवते आहे, तेव्हा हा विनोद आहे हे कोणाच्याही लक्षात यावं. तिच्या लक्षात आलं नाही. तिनं गोठ्याचं खोकं काखोटीला मारलं आणि ती चालती झाली. त्यानंतर दोन वर्षं ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. आमच्या घरापासून चार रस्ते पलीकडे राहते, तरीसुद्धा.

पहिल्या नाताळात मी तीन राजे टीव्हीवर मांडून ठेवले. चालत जायला गोठाच नव्हता. ते सदतीस दिवस टीव्हीवर उभे राहून माझ्याकडे बघत होते. दुसरा नाताळ जवळ आला तेव्हा बायको म्हणाली, "अहो, फोन करा ना ताईंना."

"मी का करू? बोलणं तिनं टाकलंय."

"तुम्ही काहीतरी केलं असेल म्हणूनच ना?"

आता बायको या घरात आली तेव्हा मुकुट तुटून सतरा वर्षं झाली होती. तिला यातलं काही ठाऊक असणं शक्य नव्हतं. तरी तिनं हे अशा सुरात म्हटलं की माझ्या हातातला चहा निवून गेला. फोन मी केला नाही. पण विचार करता करता एक युक्ती सुचली. मी जाऊ शकत नव्हतो, राजे जाऊ शकत होते. चालणं हे त्यांचं कामच होतं. एक डिसेंबरला माझ्या घरून निघायचं, रोज थोडं थोडं पुढे सरकायचं आणि सहा जानेवारीला ताईच्या गोठ्यात पोचायचं. माझा मान राहिला असता, तिचाही राहिला असता आणि कोणालाच काही बोलावं लागलं नसतं.

हे मी फक्त बायकोला सांगितलं. संध्याकाळी खालच्या मजल्यावरचे मोजणीदार काका नकाशा घेऊन वर आले. काकांनी आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजल्या आणि निवृत्तीनंतर मोजायला काही उरलं नाही म्हणून ते बेचैन असत. "एकूण अंतर चौदाशे दहा पावलं," ते म्हणाले. "भागिले सदतीस. रोज अडतीस पावलं, शेवटच्या दिवशी बेचाळीस. वाहन वापरायचं नाही. राजे पायी गेले पाहिजेत, नाहीतर मोजणीला अर्थ नाही."

"काका, मुक्कामाला राजे ठेवायचे कुठे?"

"तो प्रशासकीय प्रश्न आहे," असं म्हणून ते चहाची वाट बघत बसले.

पहिले दोन मुक्काम आमच्याच जिन्यात आले. तिथे इमारतीच्या सेक्रेटरींनी हरकत घेतली. जिन्यात मूर्ती ठेवायला समितीची परवानगी लागते आणि समिती बसते महिन्याच्या शेवटी. मी रीतसर अर्ज केला, 'जिन्यात राजे ठेवू देणेबाबत'. सेक्रेटरींनी तो चष्मा पुसून दोनदा वाचला आणि शेरा मारला की ही बाब 'तात्पुरते अडथळे' या सदरात मोडते, तेव्हा शेजारी तांबडं फडकं बांधावं. माझ्या बाबांचे राजे दोन दिवस तांबड्या फडक्याशेजारी उभे होते. मी येता-जाता खाली मान घालून जात होतो.

पुढचा मुक्काम शिंप्याचा. त्यानं राजांना थंडी वाजेल म्हणून अस्तराच्या कापडाचे तीन झगे शिवले. मापं घेताना त्यानं मला विचारलं, "खिसा कोणाला हवा?" माझं बोट तिसऱ्याकडे गेलं, म्हणून त्याला खिसा मिळाला. मग लाँड्रीवाला म्हणाला, शिंप्याकडे राहतात तर माझ्याकडे का नाही? त्यानं झगे अंगावरच इस्त्री केले, त्यात पहिल्या राजाची अर्धी दाढी गेली. तो मनापासून हळहळला आणि म्हणाला, "साहेब, तरुण दिसतोय पण." शिंपी आणि लाँड्रीवाला मिळून राजांचे तेरा दिवस झाले. मोजणीदार काका रोज सकाळी पावलं मोजून, मुक्कामाचं अंतर बरोबर येत नाही म्हणून माझ्या दारात उभे राहत.

औषधवाल्यानं राजांना खोकल्याच्या औषधाशेजारी ठेवलं, तर लोक येऊन राजाछाप औषध मागायला लागले. चष्मेवाल्यानं त्यांना डोळे तपासायच्या तक्त्याखाली उभं केलं. तिथे एका बाईंना सगळी अक्षरं नीट दिसत होती, पण शेवटच्या राजाचा मुकुट काही केल्या सरळ दिसेना. चष्मेवाल्यानं त्यांचा नंबर तीनदा बदलला. मुकुट मुळातच वाकडा आहे हे सांगायला मी तिथे होतो, पण मी सांगितलं नाही. मी कपाटातल्या चष्म्यांच्या किमती वाचत उभा राहिलो.

हे सगळं मी निमूटपणे सोसत होतो, कारण औषधवाल्यानं मला एक बातमी दिली होती. "तुमच्या ताई येऊन गेल्या."

"कधी?"

"काल. खोकल्याचं औषध घेतलं. राजांकडे बघत होत्या. बराच वेळ."

"काही म्हणाली?"

"दिवसातून किती वेळा घ्यायचं ते विचारलं."

मला त्या दिवशी ऑफिसात कामच सुचलं नाही. राजे येत आहेत हे तिला कळलं होतं आणि तिनं "नको" म्हटलं नव्हतं. मी घरी येऊन गोठ्याच्या गवताचा विषय काढला. बायको हसली नाही, तिनं फक्त माझ्या ताटात भाजी वाढली.

मग सहा जानेवारी उजाडला. सदतीस दिवस जिने चढून-उतरून माझा गुडघा सुजला होता. मुक्काम लांबत गेल्यामुळे चष्मेवाल्याच्या दुकानापासून ताईचं घर अजून दोन थांब्यांवर होतं. काका गावाला गेले होते. तेव्हा मी बसमध्ये चढलो, हे कबूल करतो. दोन राजे पिशवीत होते आणि तिसरा, त्याच्या मुकुटाला धक्का लागू नये म्हणून, रुमालात गुंडाळून हातात. जागाही मिळाली. पुढच्या थांब्यावर एक वयस्कर बाई चढल्या. मी सभ्य माणूस आहे. त्यांना जागा द्यायला उठलो, पिशवी उचलली, दांडा धरायला हात मोकळा हवा म्हणून रुमाल खिडकीच्या कडेला ठेवला आणि माझा थांबा आला तेव्हा उतरलो.

ताईच्या इमारतीखाली उभा राहिल्यावर लक्षात आलं. बस दिसेनाशी झाली होती. वर ताईच्या खिडकीत कागदी तारा लागलेला होता आणि दिवा चालू होता. मी दोन राजे घेऊन तिथे किती वेळ उभा होतो कोण जाणे. मग घरी परत आलो.

"दोघांना घेऊन गेला असतात तरी चाललं असतं," बायको म्हणाली.

"जो तुटलाय तोच नेमका हरवला," मी म्हणालो आणि आंघोळीला निघून गेलो.

डेपोत मी हरवल्याची नोंद करून ठेवली होती; तिसऱ्या दिवशी तिथून कळलं की वस्तू मिळाली आहे. अशा रीतीनं मी, उरलेले दोन राजे पिशवीत घेऊन, त्या खिडकीसमोर पोचलो. आतल्या बाईंनी स्वेटरवर शाल घेतली होती. त्यांच्या मागच्या फळीवर एक बूट, एक बासरी आणि अकरा छत्र्या होत्या, आणि त्या छत्र्यांमध्ये माझा राजा झगा घालून उभा होता. गळ्यात चिठ्ठी होती, 'बाहुला, पुरुष, एक.'

"तो बाहुला नाही," मी म्हणालो. "राजा आहे."

"मग मूर्ती," बाई म्हणाल्या आणि त्यांनी दुसरा फॉर्म काढला. ही माझी चूक झाली. बाहुला सही करून लगेच मिळतो. मूर्तीला साक्षीदार लागतो, तोही वस्तू घरात आली तेव्हा त्याच घरात राहणारा.

"बायको चालेल?"

"मूर्ती आधी आली की बायको?"

"मूर्ती."

"मग नाही चालणार."

हीच वाक्यं, याच आवाजात, मी सत्तावीस वर्षं तराजू घेऊन आलेल्या लोकांना ऐकवली आहेत. ती ऐकायला किती कोरडी लागतात ते मला पहिल्यांदा कळलं. त्या घरात राहिलेलं माणूस आता जगात एकच होतं. मी बाजूला होऊन बायकोला फोन लावला आणि बायकोनं ताईला लावला. पाच मिनिटांनी बायकोचा फोन आला. "येते म्हणाल्या."

"आणखी काही?"

"कुठली खिडकी, ते विचारलं."

ताई कामावरून तशीच आली होती. बाहीला कवळ्यांच्या साच्याचं पांढरं प्लास्टर लागलेलं होतं. केस बरेच पिकले होते. दोन वर्षांत एवढे पिकतात का, असं मला वाटलं, पण विचारणार कसं? ती माझ्याशी न बोलता माझ्या शेजारी उभी राहिली. बाईंनी माझा फॉर्म उचलून वाचला.

"वस्तूतली तूटफूट. तुम्ही लिहिलंय, मुकुट लहानपणी तुटला. कोणी तोडला?"

"तुटला," मी म्हणालो.

"आपोआप तुटल्याचं आम्ही नोंदत नाही. नाव लिहा. आणि मग साक्षीदारासमोर मोठ्यानं वाचून सही करा, तशी पद्धत आहे."

बाईंनी फॉर्म परत सरकवला. ताई फळीवरच्या राजाकडे बघत होती. माझ्याकडे नाही. तिनं हात मागे बांधले होते. सवयीनं बांधले असतील, माणसं बांधतात. पण त्या बांधलेल्या हातांकडे बघितल्यावर मला माझ्या नावाखेरीज दुसरं काही लिहिता येईना.

मी लिहिलं. मग वाचलं. "मी, खाली सही करणार, असं लिहून देतो की सदर राजाचा मुकुट माझ्या वयाच्या नवव्या वर्षी मी तोडला. मी कोणाला न विचारता राजा कपाटातून काढला होता. तो हातातून पडला. माझ्या बहिणीवर आळ आला, तेव्हा मी गप्प बसलो. तिनं तो तोडलेला नाही." छत्रीवाले दोघे आता हसत नव्हते. एकानं तर टोपी काढली होती.

"बरोबर?" बाईंनी ताईला विचारलं.

"बरोबर," ताई म्हणाली. दोन वर्षांतला माझ्या कानावर पडलेला तिचा पहिला शब्द.

बाईंनी राजा खाली काढला. "दुरुस्ती शिशानं केलीय. या शिशावर काहीतरी कोरलंय. काय आहे?"

मला माहीत नव्हतं. बेचाळीस वर्षांत मी त्या मुकुटाकडे एकदाही नीट बघितलं नव्हतं. ताई म्हणाली, "छापखान्याचा खिळा आहे. अक्षर उलटं असतं त्याच्यावर. ह्याच्या नावाचं पहिलं अक्षर."

बाईंनी पर्समधून छोटा आरसा काढला, राजा त्याच्यासमोर धरला, माझ्या फॉर्मवरचं नाव बघितलं आणि शिक्का मारला.

मी ताईकडे वळलो. "म्हणजे बाबांना..."

"त्या वर्षी राजे पोचले त्या दिवशी कळलं. पेन्सिल शोधत होते, तुझ्या कंपासपेटीत तुटलेला तुकडा मिळाला. त्यांनी माझी माफी मागितली. मग खिळा बसवला आणि मला अक्षर दाखवलं. म्हणाले, तो आपणहून सांगेल. तोवर आपण दोघं गप्प बसू."

"मग दर वर्षी ते..."

"मुकुट बघून ठेव म्हणायचे. मी तिथेच असायचे की."

मला बाबांचा हात आठवला, शाईनं काळी झालेली नखं आणि माझ्याकडे पुढे केलेला राजा. मी तेव्हा कधीही मान खाली घालून बघितलं असतं तरी झालं असतं. ते चाळीस नाताळ वाट बघत होते आणि मी चाळीस नाताळ भिंत बघत होतो. मी डेपोच्या बाकावर बसलो आणि रडलो. माझ्या वयाच्या माणसानं बस डेपोत रडू नये, पण रडलो. ताई शेजारी बसली.

"तोडलास त्याचा राग कधीच गेला होता रे," ती म्हणाली. "बाबा गेल्यावर, सगळ्यांसमोर, परत माझ्यावरच ढकललंस. त्याचा आला."

"ताई, चुकलं माझं."

"हो, चुकलंच." तिनं राजाचा झगा नीट केला. "ह्याला खिसा कशाला?"

"मोठी गोष्ट आहे," मी म्हणालो.

पिशवीतले दोघे आणि तिच्या हातातला तिसरा असे तिन्ही राजे घेऊन आम्ही तिच्या घरी गेलो. चालत. सहा जानेवारी उलटून तीन दिवस झाले होते, एव्हाना गोठा आवरून माळ्यावर जायला हवा होता. तो मांडलेलाच होता. गवत ताजं होतं आणि बाळाच्या उजव्या हाताला तीन राजांपुरती जागा मोकळी ठेवलेली होती. मी पिशवीतून राजे काढले आणि त्या जागेकडे वळलो.

"थांब," ताई म्हणाली. "माझे सदतीस दिवस बाकी आहेत."

तिनं माझ्या हातातून राजे घेतले, ती मागच्या खोलीत गेली आणि तिघांना खिडकीत उभं केलं. मग वीत टाकून पहिला मुक्काम मोजला. "रोज संध्याकाळी यायचं," ती म्हणाली. "बघायला. हात लावायचा नाही."

हे राजे आता फेब्रुवारीच्या मध्यावर पोचतील. मोजणीदार काकांना ही नवी तारीख अजिबात मान्य नाही. मी ऑफिस सुटलं की थेट तिकडे जातो. ताई हात धुऊन येते, एकेका राजाला उचलते आणि एक वीत पुढे ठेवते. तिसऱ्याला ठेवण्याआधी ती त्याला माझ्यासमोर धरते. मी हात मागे बांधून उभा असतो आणि मुकुट नीट बघून ठेवतो.